भिकाजीपंतांची मिशी

ठाण्यात नवा आलेला माणूस भिकाजीपंतांना भेटला, की पहिल्यांदा त्यांचं सांत्वन करी.

त्यात त्या माणसाचा काही दोष नव्हता. आमच्याकडे मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. एरवी अंगावर धड सदरा नसला तरी चालेल, पण ओठावर चार केस हवेतच. आणि पंतांचा ओठ तर नुकत्याच धुतलेल्या पाटासारखा लख्ख. नवा माणूस आवाज खाली आणून विचारी, "कधी गेले हो वडील?"

"वडील खणखणीत आहेत," पंत म्हणत. "कल्याणला असतात. ऐंशीच्या घरात आहेत, पण सुपारी अजून दातानं फोडतात. तुमचे कसे आहेत?"

नवा माणूस दोन पावलं मागं सरे. बाप जिवंत आणि मिशी नाही, म्हणजे हा एक तर वेडा, नाही तर नाटक्या. गावाचं मत होतं, की पंत दोन्ही आहेत. मी त्यांचा शिष्य असल्यामुळे माझ्याबद्दल गावाला वेगळं मत बनवण्याचे श्रम पडले नाहीत.

ठाण्यात आगगाडी येऊन एक पिढी उलटली होती, त्या वेळची ही गोष्ट. पंतांनी नाटक मंडळीबरोबर देश आणि कोकण पालथं घालून बावीस वर्षं फक्त राण्या केल्या. वनात हाकललेल्या, शाप मिळालेल्या, नवऱ्यानं न ओळखलेल्या. शेवटी घसा बसला, तेव्हा ते ठाण्याच्या कोपरीत आले आणि खाडीकाठचं एक रिकामं मिठाचं कोठार मागून घेऊन त्यांनी नाटकाची शाळा काढली. नाटक शिकवायची शाळा असते, हेच तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही पाच विद्यार्थी. फळा नाही, पुस्तक नाही. कुणी काही विचारलं, की पंतांचं एकच उत्तर: "वाचून पोहता येत नाही, बाळा. उडी मार."

पडदा कसा शिवायचा? उडी मार. तोंडाला फासायचा हरताळ किती घोटायचा? उडी मार. आम्हीच रंग वाटायचे, पुठ्ठ्याचे मुकुट कातरायचे, दिव्यांच्या वाती करायच्या आणि मग उरलेल्या वेळात नट व्हायचं. मी सगळीकडे उड्या मारल्या. पडदा शिवताना मांडीवरचं माझं धोतरही त्यात शिवून टाकलं. पंतांनी हाक मारली म्हणून लगबगीनं उठलो, तर पडदा माझ्याबरोबर निघाला आणि धोतर पडद्याबरोबर राहिलं. पुढं दिवे लावायचं काम मिळालं, तेव्हा त्याच पडद्याची कड पेटवली. पंतांनी ओल्या गोणपाटानं आग विझवली, माझ्याकडे बघत क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, "आपला प्रयोग दुपारी होईल. सूर्याला विन्या पेटवू शकत नाही."

असा मी, आणि राणीचं काम माझ्याच वाट्याला आलं. कारण सोपं होतं. तिघा विद्यार्थ्यांच्या बायकांनी लुगडं द्यायला साफ नकार दिला. उरला राघो. तो मिठागरावर राबणारा गडी, आवाज असा की खाडीपलीकडची गुरं वळून बघत. तो राक्षस. राहता राहिलो मी, अंगानं काटकुळा आणि दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचा नसलेला.

"बाई कशी चालते, ते विहिरीवर जाऊन बघ," पंत म्हणाले. मी गेलो. मन लावून बघितलं. राघोची मावशी धुणं टाकून उठली. "कोनाचा रं तू मेल्या?" म्हणत तिनं पिळलेलं लुगडं माझ्या पाठीत घातलं. मी कोठाराकडे धूम ठोकली, तर पंत दारातच उभे.

"आता पळालास तसं नाही," ते म्हणाले. "ती तुझ्या मागं आली ना, तसं."

त्यांनी स्वतः चालून दाखवलं. धोतराचा सोगा दोन बोटांत धरला, मान किंचित कलती केली, आणि त्या मिठानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीवरून कुणीतरी परडीभर फुलं सांभाळत निघाल्यासारखं वाटलं. मग मी चाललो. राघो म्हणाला, "मास्तर, आमची म्हस पन पानी पिवाला जाते ना, ती याच्यापरीस झ्याक जाते."

पंतांनी मग दुसरं औषध काढलं. पंधरा दिवस मी बाईसारखंच बोलायचं. घरी, दारी, स्वप्नात. मी आले, मी जेवले, मी निजते. मी तेव्हा कचेरीत बिनपगारी उमेदवार होतो. तिसऱ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तो कागद आणलास का?"

"आत्ता आणते हं," मी म्हणालो, आणि नसलेला पदर खांद्यावर सावरला.

कचेरीतल्या लेखण्या थांबल्या. शिरस्तेदार तेवढे उठून उभे राहिले. म्हणाले, "या बाई, बसा."

मी पंतांकडे रडत गेलो. त्यांना आनंद मावेना. "सावरलास पदर? न सांगता? विन्या, मग राणी अंगात यायला लागली रे!"

या सुमारास पंतांच्या ओठावर काहीतरी दिसायला लागलं. राघो म्हणाला, "मास्तर, काजल लागलाय," आणि पुसायलाच गेला. ते पुसलं जाईना. मिशी होती!

आम्ही मागं लागलो तेव्हा पंतांनी सांगितलं. पहिल्या राणीसाठी त्यांनी मिशी उतरवली, तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मिशी उतरवायची ती माझ्यासाठी. तू उतरवलीस, म्हणजे मी मेलो. आता मेलेल्याच्या दारात येऊ नकोस." आणि दार लागलं.

"बापाचाच मुलगा मी," पंत म्हणाले. "मीही मग ठेवली नाही. घसा बसला तरी ठेवली नाही."

"पण मग ते सुपारी दातानं फोडतात, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

पंत जरा गडबडले. हरताळाचा खल उगाच पुसायला लागले. दर दिवाळीला ते कल्याणला जात. घरासमोर वाण्याचं दुकान होतं, त्याच्या पडवीत घटकाभर उभे राहत. समोर ओसरीवर वडील बसलेले. सुपारी फोडताना कट्ट असा आवाज होई तो रस्त्यापलीकडे ऐकू येई. तो ऐकून पंत परत येत.

या वर्षी वडील त्या वाण्याला म्हणाले होते, "भिक्याला म्हणावं, मिशी ठेवून ये. मग बघू."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा 'मग बघू' म्हणालेत," पंत आम्हाला सांगत होते, जणू संस्थान मिळालं होतं. "प्रयोग रविवारी. सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी कल्याणला, वाण्याकडे तसा निरोपही धाडलाय. तोवर पीळ भरेल ना रे?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू राणी नीट कर, म्हणजे माझी मिशी राहील."

त्यांनी एवढा विश्वास टाकला तो माझ्यावर, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक.

अडचण अशी, की मलाही मिशी होती. एकूण तेवीस केस. पण त्यांना मी दोन वर्षं एरंडेल चोळलेलं. आणि माझा बाप जिवंत होता, शिवाय न्हाव्याच्याच गल्लीत राहत होता. रविवारी सकाळी मी गणू न्हाव्यापुढं बसलो, डोळे मिटले आणि मनात म्हटलं, उडी मार. त्यानं डावी बाजू उतरवली. वस्तरा उजवीकडे वळवताना त्यानं सहज विचारलं, "आपले वडील कधी वारले म्हणायचे?"

मी डोळे उघडले. समोरून वडील भाजी घेऊन येत होते.

मी पळालो. असा पळालो की गळ्यातलं फडकं थेट घरापर्यंत आलं. मागोमाग वडील. त्यांनी माझं तोंड धरून उजेडाकडे केलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"अर्धा मेलो का रे मी?" ते म्हणाले.

मग त्यांनी मला माळ्यावर कोंडलं आणि त्या नाटक्याचे वाभाडे काढायला स्वतः कोठाराकडे निघाले.

तिकडे काय झालं, ते मला राघोनं नंतर सांगितलं. दोनशे माणूस येऊन बसलेलं. राणी नाही. राघो म्हणाला, "मास्तर, राणी माहेराला गेली म्हनून सांगा ना! बाया जातातच की माहेराला." कुणी म्हणालं, प्रयोग पुढं ढकला. पंतांनी एकेकाकडे बघितलं. पाच महिने चौघं पहाटे उठून येत होते. हरताळानं बोटं पिवळी पडली होती. राघो तर मिठागरावरची पहिली पाळी दुसऱ्याला देऊन यायचा. पंतांनी आपल्या मिशीवरून एकदा बोट फिरवलं. तिला पीळ भरायला लागला होता.

"गणूला बोलवा," ते म्हणाले.

मी माळ्याचं कौल सरकवून उतरलो. तोंडाला उपरणं गुंडाळून कोठाराच्या मागच्या फटीतून बघितलं, तेव्हा राणी वनवासाला निघाली होती. घसा बसलेला, त्यामुळे पंत जवळजवळ कुजबुजत होते. पण दोनशे माणसं अशी गप्प होती, की खाडीचं पाणी बांधाला लागत होतं ते ऐकू यावं. राणी उंबऱ्यापाशी थांबली. तिनं मागं वळून बघितलं नाही. नुसता दाराच्या चौकटीवरून हात फिरवला, जसा आपण झोपलेल्या माणसावरून फिरवतो. आणि गेली.

पुढच्या रांगेत माझे वडील होते. भांडायला आलेले. ते उपरण्यानं नाक पुसत होते. शेजारच्याला म्हणाले, "काही म्हणा, मिशी नसली तरी माणूस आहे."

प्रयोग संपला. पंत रंग धूत होते. मी जाऊन पाय धरले. तोंडावरचं उपरणं सुटलं आणि माझा अर्धा ओठ त्यांना दिसला. ते इतके हसले, की डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं.

"उडी मारलीस रे विन्या," ते म्हणाले, "पण विहिरीच्या बाहेर."

"तुमचं कल्याण?" मी विचारलं.

"आता पंधरा दिवसांनी. वाण्याला निरोप धाडतो. बावीस वर्षं थांबलो, पंधरा दिवसांचं काय एवढं?" त्यांनी ओठावरून हात फिरवला. "उगवते ती. माझ्यासारखीच हट्टी आहे."

त्यानंतर मी रोज सकाळी कोठारात जाऊन पहिल्यांदा त्यांचा ओठ बघत असे. एरंडेलाची बाटलीही नेऊन दिली. ते गंभीरपणे चोळत. चौथ्या दिवशी खरखर लागली, तेव्हा माझा हात धरून त्यांनी माझं बोट ओठावरून फिरवलं. "लागते ना?" म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी वाण्याचा माणूस आला. पंतांचे वडील पहाटे गेले होते. आदल्या दिवसापर्यंत हिंडते-फिरते होते. गाडीला अवकाश होता, भरती नुकती लागली होती. राघो म्हणाला, "मास्तर, होरीत बसा." त्यानं खाडीतून कल्याणपर्यंत एकट्यानं वल्हं मारलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तेव्हा पंतांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

वाणी काठावरच उभा होता. तो चालता चालता सांगत होता. पंधरा दिवसांचा निरोप त्यानं म्हाताऱ्याला दिला होता, पण म्हातारा ऐकेना. सोमवारपासून तो तोंड रस्त्याकडे करून ओसरीवर बसे. नजर अधू झालेली. मिशीवाला माणूस दिसला, की हाक मारून विचारी, "भिक्या का?"

पंतांचं चालणं मोडलं. इतके महिने आम्हाला चालायला शिकवणारा माणूस त्या रस्त्यावर ठेचकाळत चालला.

घाटावर न्हावी तयार होता. अग्नी देण्याआधीचं क्षौर. त्यानं डोकं केलं, दाढी केली, आणि वस्तरा हातात धरून तो ओठापाशी थबकला. तिथं नुसती राखाडी खरखर होती.

"पंत," तो चाचरत म्हणाला, "इथं काय घेऊ?"

पंतांनी तोंड वर केलं. ओठ ताणून धरला.

"आठ दिवसांचीच आहे," ते म्हणाले. "पण ही त्यांची. नीट घे."