सतरा वेळा मेलेले ठोंबरे

मुकुंद ठोंबरे आमच्या घरी आतापर्यंत सतरा वेळा मेले आहेत. पहिल्यांदा मेले ते सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या जागेत, हातात पावभाजीची प्लेट धरून. प्लेट सांडली नाही, हे मुद्दाम सांगते. मरताना दुसऱ्याच्या कार्पेटची काळजी घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

झालं असं, की घरातला एसी किती वर ठेवावा यावर आमचा वाद जुंपला होता. ठोंबरे इथे अमेरिकेत, ॲशबर्नमध्ये डेटा सेंटरच्या कूलिंगचं काम बघतात, त्यामुळे आकडा अडुसष्ट फॅरनहाइटच्या वर गेला की त्यांना प्रलय दिसायला लागतो. मी म्हटलं, "ठोंबरे, तिथे सर्व्हर राहतात. इथे माणसं राहतात."

छातीवर हात दाबून ठोंबरे "लागला!" असं ओरडले आणि आडवे झाले. डोळे मिटलेले, जीभ किंचित बाहेर. माझा नवरा फोन शोधायला धावला. ठोंबऱ्यांची बायको सुलभा मात्र पाव भाजीत बुडवत म्हणाली, "राहू दे गं. दोन मिनिटांत उठतात ते. गोड काय केलंयस?"

उठल्यावर ठोंबऱ्यांनी खुलासा केला. नागपूरचा माणूस, खुलासाही ऐसपैस. म्हणजे बघा, मध्ययुगातले युरोपातले नाइट, ते चिलखतवाले, घोड्यावाले सरदार, यांच्या नादी लागलेली पंचवीस-तीस मंडळी दर रविवारी काउंटी पार्कात जमतात आणि एकमेकांना बडवतात. तलवारी वेताच्या, वरून टेप गुंडाळलेली. शिरस्त्राण मात्र खरं, पोलादी. ठोंबऱ्यांचं छातीवरचं चिलखत निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातून कापलेलं आहे आणि गुडघ्यांवर फरशी बसवणाऱ्यांचे पॅड आहेत. लांबून बघितलं तर सरदार, जवळून बघितलं तर पाण्याची टाकी.

"पण खरी गोष्ट चिलखत नाही, वैनी," ते म्हणाले. "खरी गोष्ट म्हणजे नियम. इथं अम्पायर नाही, थर्ड अम्पायर नाही, रिप्ले नाही. ज्याला लागला, त्यानं सांगायचं. तुम्ही मारला, पण मेलो की नाही ते मी ठरवणार. आणि मी इमानदारीनं ठरवणार. जगात कुठं आहे असा खेळ?"

हा नियम त्यांनी पार्कात ठेवला असता तर काही बिघडत नव्हतं. ठोंबऱ्यांनी तो घरी आणला, ऑफिसात नेला, मराठी मंडळात घुसवला. मंडळाच्या झूम मीटिंगमध्ये कुणी मुद्द्याचं बोललं, की ठोंबऱ्यांच्या चौकोनात एकदम छताचा पंखा दिसायला लागायचा. खजिनदार सांगायचे, "ठोंबरे पडले. पुढचा विषय." ऑफिसात एकदा कूलिंग बंद पडलं. कुणाची चूक ते शोधायला चौदा माणसं कॉलवर. प्रत्येक जण दुसऱ्या टीमकडे बोट दाखवतोय. ठोंबरे म्हणाले, "लागला. व्हॉल्व्ह मीच उलटा फिरवला." तिथल्या मॅनेजरला आपली चूक कबूल करणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे ठाऊकच नव्हतं. त्याने मीटिंग कॅन्सल केली.

बरं, ही वसुली दोन्ही बाजूंनी. त्यांनी एखादा चांगला टोला हाणला, की भुवया उंचावून समोर उभे राहायचे. "लागला ना? मग सांगा ना यार! सांगावं लागते." लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या नवऱ्याने एकदाही लागल्याचं मान्य केलेलं नाही. ठोंबऱ्यांच्या लेखी तो कलंक आहे.

शिवाय स्त्रीदाक्षिण्य. सरदाराने बायकांसाठी दार धरायचं असतं. इंडियन ग्रोसरीच्या दारात त्यांनी एका शनिवारी दार धरलं आणि बायका येतच राहिल्या. संपेचनात. ठोंबरे सोडतात का? पाऊण तास उभे. शेवटी एका काकूंनी त्यांना कढीपत्ता कुठे ठेवलाय ते विचारलं, दुसरीने रिकामी कार्ट हातात दिली. कढीपत्ता त्यांनी बरोबर सांगितला. कार्टही जागेवर लावून आले.

अशा माणसाचं लढाईत काय होत असेल? अकरा वर्षं. एकही सामना जिंकलेले नाहीत. कारण तलवारीचं नुसतं वारं लागलं तरी ठोंबरे मरतात. ब्रायन नावाचा साडेसहा फुटी प्लंबर त्यांचा नेहमीचा मारेकरी. तो बिचारा काकुळतीला येऊन म्हणायचा, "मुक, दॅट वॉज नथिंग, मॅन!" ठोंबरे जमिनीवरून, डोळे मिटून: "आय फेल्ट इट." आणि मरणं तरी कसं! गुडघ्यावर येणं, आकाशाकडे बघणं, एक हात लांबवणं, मग सावकाश कलंडणं. लोक त्यासाठी खुर्च्या घेऊन यायचे. मीही जायचे. चिवडा घेऊन.

त्या मंडळींत मोठा मान म्हणजे पांढरा पट्टा. तो जिंकल्याबद्दल मिळत नाही, सचोटीबद्दल मिळतो. कोण त्या लायकीचं आहे ते जुने पट्टेवाले ठरवतात. या वर्षी उन्हाळ्याच्या स्पर्धेनंतर ठोंबऱ्यांना पट्टा द्यायचा असं ठरलं. मला ते सांगायला ठोंबरे खास घरी आले. "अकरा वर्षं, वैनी. मरून मरून मिळवला."

त्याच सुमाराला मे महिन्यात नागपूरहून त्यांच्या आई आल्या. वय ब्याऐंशी. वर्षापूर्वी थोरला मुलगा गेला, तेव्हापासून तिकडे एकट्याच होत्या. आणि आई आल्या त्या दिवसापासून ठोंबरे मरायचे थांबले.

मी प्रयत्न करून पाहिला. त्यांच्या दिवाणखान्यात असा काही जिव्हारी टोला हाणला, की माझं मलाच कौतुक वाटलं. ठोंबरे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि त्यांनी चकली घेतली. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. निघताना दारात मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईसमोर तलवारीचा विषय काढायचा नाही. रविवारी मी मीटिंगला जाऊन राहिलो, असं सांगितलंय." मला वाटलं, छप्पन्नाव्या वर्षी पिंप घालून फिरतो म्हणून लाजतायत.

आता पुढचा उद्योग माझा आहे, तो कबूल करते. मुलाला एवढा मान मिळणार आणि आईने घरी बसून मालिका बघायच्या? स्पर्धेच्या दिवशी सुलभा कामावर होती. मी सरळ गाडी काढली. "चला आई, एक गंमत दाखवते." त्या निघाल्या. सुती साडी, पायात नातवाचे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी.

आम्ही पोचलो तेव्हा सामना सुरू झाला होता. मी खुर्ची मांडून त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. मैदानात दोन बंद डबे एकमेकांभोवती फिरत होते. मी म्हटलं, "ओळखा पाहू, यातला कोण आपला?"

"तो निळा," आई लगेच म्हणाल्या. "बदकासारखा चालते." आणि मला काही कळायच्या आत त्यांनी खणखणीत हाक मारली, "मुकुंदा!"

निळं पिंप जागच्या जागी थांबलं. शिरस्त्राण आमच्याकडे वळलं. ब्रायनची तलवार तोवर निघालेली होती, ती आता कुठे थांबणार? ठण्णकन शिरस्त्राणावर बसली. पार्किंगमधल्या माणसानेही मान वर करून बघितलं.

सगळे पुढे सरसावून बसले. आता काय बघायला मिळणार, सगळ्यांनाच माहीत होतं. ठोंबऱ्यांचे गुडघे सवयीने वाकायलाही लागले. हात छातीकडे गेला. आणि तिथेच थांबला. ते हळूहळू पुन्हा ताठ उभे राहिले.

"लाइट," ठोंबरे म्हणाले. म्हणजे वार हलका होता, मेलो नाही.

ब्रायनने शिरस्त्राण काढून त्यांच्याकडे बघितलं. "मुक?"

"इट वॉज लाइट." मग ठोंबरे तलवार गवतावर ठेवून पट्टेवाल्यांच्या तंबूत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. मी धावत गाठलं.

"अहो, काय केलंत हे? एवढा आवाज झाला!"

"लागला ना. चांगला जोरात लागला. मी खोटं बोललो, ते सांगून आलो आत. पट्टा नको म्हटलं. काहून बोललो ते विचारत होते, ते नाही सांगितलं." शिरस्त्राण काखेत होतं, केस घामाने चिकटलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादा गेला ना वैनी, तो आईसमोर गेला. बँकेतून आला, दारात बूट काढता काढता पडला. दादा लहानपणापासून नकल्या. आईला वाटलं, गंमत करून राहिला. ती हसली. बराच वेळ हसली." शिरस्त्राण दुसऱ्या काखेत घेत म्हणाले, "मी कसा पडू तिच्यापुढे?"

आम्ही दोघं आईंकडे वळलो.

आई खुर्चीत ताठ बसून होत्या, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून. ठोंबरे समोर जाऊन उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, आता मीटिंगबद्दल विचारणार. आईंनी विचारलं, "डोक्याला किती लागलं?"

"काहीच नाही, आई. पोलादाचं असते ते."

"खाली बस."

ठोंबरे गवतात गुडघ्यांवर बसले. प्लॅस्टिक करकरलं. पलीकडे तंबूसमोर तुतारी वाजली, कुणा दुसऱ्याच्या कमरेला पट्टा बांधत होते, टाळ्या चालल्या होत्या. ठोंबऱ्यांनी मान वळवली नाही. वळवता येतही नव्हती, कारण आईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून केसांतलं टेंगूळ शोधून काढलं होतं आणि पदराचा बोळा करून, त्यावर तोंडाची वाफ देऊन त्या ते शेकत होत्या.

"हळू ना गं," ठोंबरे म्हणाले. "दुखून राहिलं."

"हलू नको," आई म्हणाल्या.