खोट्या टीममधली जागा

सत्ता कितीही लहान असली तरी तिच्या दाराशी चपला जमतातच. साखर कारखाना असो, दूध संस्था असो की गल्लीतल्या गणपतीची वर्गणी समिती, या नियमाला आजवर कोणी अपवाद दाखवलेला नाही. मात्र जी सत्ता मुळात अस्तित्वातच नाही तिच्याही दाराशी चपला जमू शकतात, हे सिद्ध करण्याचा मान कोल्हापूरला मिळाला. साल दोन हजार चार.

शहरातल्या एका सायंदैनिकाच्या क्रीडा पानाचे प्रमुख आण्णा एकदा सायबर कॅफेत मुलीचा निकाल बघायला गेले. निकाल उघडेपर्यंत त्यांनी शेजारच्या खिडकीत इंग्लंडातल्या एका प्रथेची माहिती वाचून काढली. (निकाल उघडला नाही. मुलगी पास झाल्याचे शाळेतून कळले.) तिकडे म्हणे माणसे घरबसल्या वेगवेगळ्या क्लबांतले खेळाडू निवडून स्वतःचा कागदी संघ बनवतात. खेळाडूने मैदानात गोल केला की कागदाच्या मालकाला गुण मिळतात. आण्णांना ही कल्पना अगदी इथल्या मातीतली वाटली. घरबसल्या संघ निवडण्याचे काम कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. फक्त त्याचे गुण कोणी देत नव्हते.

स्पर्धा जाहीर झाली. आठ तालमींच्या फुटबॉल संघांतून अकरा खेळाडू निवडायचे, एका तालमीचे तिघांहून जास्त नकोत, दर सोमवारी कूपन भरून दोन बदल करता येतील. प्रत्येक स्पर्धकाला 'व्यवस्थापक' म्हटले जाईल. गुण दर आठवड्याला शून्यापासून मोजले जातील. आणि उपांत्य फेरीच्या आठवड्यात ज्याचे गुण सर्वाधिक, त्याला अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात स्टेडियमवरचा माईक. म्हणजे समालोचन.

या शेवटच्या ओळीने प्रसेनजीत कांबळे यांची झोप उडाली.

प्रसेनजीत मूळचा गारगोटीचा, वय सत्तावीस, एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कनिष्ठ लिपिक. चिंचेच्या तालमीमागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन तो राहत असे आणि समोरच चिमणाबाईंच्या खाणावळीत जेवत असे. त्याला स्वतःला फुटबॉलला पाय लावायची कधी इच्छा झाली नव्हती. त्याला पाहिजे होता माईक. शाळकरी वयात मामाबरोबर पहिला सामना पाहिला तेव्हा सगळे चेंडूकडे बघत होते आणि हा कर्ण्याकडे. तेव्हापासून न्हाणीघरात तांब्या तोंडाशी धरून तो 'गोल' या शब्दाचा सराव करत आला होता. त्या शब्दातला 'ओ' त्याने आता इतका लांबवला होता की घरमालकीण एकदा विचारायला आली होती, अंगावर गरम पाणी सांडलं काय.

पहिला संघ त्याने निव्वळ अकलेने निवडला. नवशिक्याची हीच खूण असते. मागच्या वर्षीचे गोल, पास, कार्डे सगळे पाहून त्याने अकरा नावे पाठवली आणि पहिल्याच आठवड्यात दोनशे चौदा व्यवस्थापकांत पहिला आला. गारगोटीला आईने पेढे वाटले. (मुलगा व्यवस्थापक झाला एवढेच तिने सांगितले. कुठल्या बँकेत, हे लोकांनी आपापल्या मनाने ठरवले.)

त्याच्या संघाचा आघाडीचा खेळाडू होता कृष्णात, चिंचेच्या तालमीचा स्ट्रायकर आणि चिमणाबाईंचा थोरला मुलगा. त्याने पहिल्या आठवड्यात दोन गोल मारले होते. त्या बुधवारी प्रसेनजीतच्या ताटात मटणाच्या फोडी इतक्या आल्या की त्याला रस्सा शोधावा लागला.

दुसऱ्या आठवड्यात कृष्णातच्या घोट्याला लागले. प्रसेनजीतने सोमवारी कूपन भरले, कृष्णातला काढले, दुसऱ्याला घेतले. इंग्लंडात गोष्ट इथे संपते. तिकडे वगळणारा एका गावात असतो, वगळलेला दुसऱ्या गावात, आणि दोघांची गाठ या जन्मी पडत नाही. पण आण्णा पारदर्शक कारभाराचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी इंग्लंडच्या पद्धतीत एक सुधारणा केली होती. दर मंगळवारी प्रत्येक व्यवस्थापकाचा संघ नावानिशी छापून यायचा आणि त्याखाली काळ्या चौकटीत, ठळक टाइपात, 'वगळलेले'.

मंगळवारी संध्याकाळी प्रसेनजीत खोलीवर आला तेव्हा चिमणाबाई त्याच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. हातात पेपर. चष्मा कपाळावर.

"आमच्या पोरानं काय घाण केली, तेवढं सांगा."

प्रसेनजीतने समजावले. घोटा दुखावला आहे, रविवारी तो खेळणार की नाही नक्की नाही, आणि मुख्य म्हणजे हा संघ खरा नाही, काल्पनिक आहे, नुसता कागदावरचा आहे. चिमणाबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले.

"म्हंजे खऱ्या टीममधनं त्येला कुणी काढलं न्हाय," त्या म्हणाल्या, "आन तुमच्या खोट्या टीममधी त्येला जागा न्हाय, व्हय?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. पुढे कित्येक शिकलेल्या माणसांना तो घालून पाहण्यात आला. कोणालाही सापडले नाही. त्या रात्री प्रसेनजीतच्या ताटात वांग्याची भाजी होती आणि तीत वांगे असल्याचा पुरावा म्हणून एक देठ होते.

पुढच्या सोमवारी कृष्णात संघात परत आला. पण त्याला जागा करायला अतुल नावाच्या बचावपटूला काढावे लागले आणि अतुलचा चुलता निघाला कचेरीतला शिपाई. आवक-जावक विभागाला चहा यायचा बंद झाला. अतुलला परत घेतले तर हौदाच्या तालमीचा गोलरक्षक बाहेर पडला. त्याची आत्या प्रसेनजीतची घरमालकीण होती. तिने भांडण केले नाही. तिने फक्त न्हाणीघराचा बल्ब काढून नेला.

अशा वेळी त्याला धनपाल मगदूम यांनी हात दिला. हे त्याच्या कचेरीतले हेडक्लार्क, गडमुडशिंगीचे, गावच्या दूध संस्थेचे तीन वेळा अध्यक्ष. फुटबॉल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यामुळे त्यांची दृष्टी स्वच्छ होती.

"पावणं, तुम्ही टीम करताय. टीम कुटं करायची असती? पॅनेल करायचं असतंय," ते म्हणाले. "पॅनेल जिंकायला नसतंय. कोण रुसू नये म्हणून असतंय. कोण रुसला न्हाय की जिंकल्यागतच."

त्यांनी दुपारच्या सुट्टीत, फायलींवर ताट ठेवून, पॅनेल बांधायला घेतले. कोण चांगला खेळतो हा प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच निकाली काढला. (बाद.) त्यांचा प्रश्न वेगळा होता: कोणाला वगळले तर काय काय बंद होईल? चहा, पाणी, वीज, भाकरी, जिन्यातली वाट. प्रत्येक खेळाडूला याप्रमाणे उपद्रवमूल्य देऊन वरची अकरा नावे घेतली. दोन गोलरक्षकांचे उपद्रवमूल्य सारखेच निघाले तेव्हा एक आठवडा हा, एक आठवडा तो अशी वाटणी झाली आणि दोघांकडून आधीच राजीनामे लिहून घेण्यात आले. जे तरीही उरले त्यांच्यासाठी 'मानद', 'स्वीकृत' आणि 'कायम निमंत्रित' अशा जागा काढल्या. आण्णांनी त्या निमूटपणे छापल्या, कारण तोवर त्यांच्या मेहुण्याचा मुलगा स्वीकृत झाला होता.

प्रसेनजीतचे गुण ढासळले. पण गंमत अशी की त्याचा क्रमांक ढासळला नाही. शहरातल्या उरलेल्या दोनशे तेरा व्यवस्थापकांनाही घरे होती, शेजारी होते, खाणावळी होत्या. प्रत्येकाला कोणी ना कोणी धनपाल भेटला होता. हळूहळू सगळ्यांचे संघ एकमेकांच्या जवळ येत गेले आणि आठव्या आठवड्यात दोनशे चौदाच्या दोनशे चौदा संघांत तीच अकरा नावे छापून आली: ज्यांना वगळले असता कोल्हापुरात सर्वाधिक त्रास होतो असे अकरा खेळाडू. जगातल्या कुठल्याही निवड समितीला इतके एकमत साधलेले नाही. (अकरांपैकी दोघे मोसमभर राखीव होते. ते मैदानात फारसे दिसत नसत. त्यांचे मामा दिसत.) चौकटीत 'वगळलेले: कोणी नाही' असे छापले गेले. त्या आठवड्यात शहरात अपूर्व शांतता नांदली आणि सगळ्यांचे गुण सारखे झाले.

सगळ्यांचे गुण सारखे म्हणजे माईक कोणाचाच नाही. उपांत्य फेरी तेवढी उरली होती. आण्णांनी जाहीर करून टाकले की बरोबरी सुटली नाही तर समालोचन नेहमीचे समालोचकच करतील, स्पर्धकांनी घरी बसून ऐकावे.

प्रसेनजीतला ते वाक्य जिव्हारी लागले. घरी बसून ऐकणे त्याने लहानपणापासून पुष्कळ केले होते.

त्याला एक गोष्ट दिसत होती, आणि खरे तर सर्वांनाच दिसत होती. हौदाच्या तालमीत अनेकांत नावाचा बिद्रीकडचा एक पोरगा होता, तो दर सामन्यात गोल मारत होता. पण त्याचे कोल्हापुरात कोणी नव्हते. त्याच्या घरी हे सायंदैनिक जात नसे, त्यामुळे वगळल्याचे कळून तिथे कोणाला वाईट वाटण्याची सोय नव्हती. असा माणूस निवडण्याचे सबळ कारण दोनशे चौदांपैकी एकालाही सापडले नव्हते. उलट कृष्णातने घोटा बरा झाल्यापासून पाच सामन्यांत एकही गोल केला नव्हता आणि तो दोनशे चौदा संघांत होता. गावातले निम्मे सडेफटिंग चिमणाबाईंकडे जेवत होते.

सोमवारी प्रसेनजीत कोरे कूपन खिशात घालून जेवायला बसला. चिमणाबाईंनी न मागता दुसरी भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज बसलाय जरा. लोणी खावा." त्याने ते खाल्ले. मग तो उठला, हात धुतला, वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत चालत गेला, कूपनावर कृष्णातला काढले, अनेकांतला घेतले आणि पेटीत टाकले. लोणी अजून घशाखाली पुरते उतरले नव्हते.

मंगळवारी साऱ्या शहराच्या काळ्या चौकटीत एकच नाव होते.

तो आठवडा प्रसेनजीतने वडापाव आणि केळी यांवर काढला. गल्लीतून जाताना तो मान खाली घालून जाई. रविवारी अनेकांतने दोन गोल मारले. दोनशे तेरा व्यवस्थापक एका गुणसंख्येवर राहिले, प्रसेनजीत त्यांच्या पुढे गेला आणि माईक त्याचा झाला.

अंतिम सामना चिंचेची तालीम विरुद्ध हौदाची तालीम. स्टेडियम गच्च. चिमणाबाईंनी लेकाला आठवडाभर एका शब्दाने काही म्हटले नव्हते. फक्त ती काळी चौकट कापून त्याच्या डब्याच्या झाकणाला आतून खळीने चिकटवली होती. रोज भाकरी खायला झाकण उघडायचे आणि आधी ते वाचायचे.

उत्तरार्ध सुरू झाला. प्रसेनजीतच्या हातात माईक आला. पहिली काही मिनिटे चांगली गेली. मग त्याच्या लक्षात आले की खाली बाकांवर घरोघरची माणसे बसली आहेत आणि आपल्या पोराचे नाव किती वेळा आले हे बोटांवर मोजत आहेत. तो सावध झाला. चेंडू ज्याच्याकडे त्याचे नाव घ्यायचे, आणि ज्याच्याकडे नाही त्याचेही घ्यायचे, असा समतोल त्याने साधला. राखीव खेळाडूंचा त्याने दोनदा आदरपूर्वक उल्लेख केला. इतक्यात कृष्णातने मधल्या रेषेजवळ चेंडू घेतला. तो कोणाला पास देईना. एकाला चुकवले, दुसऱ्याला चुकवले, तिसरा अतुल होता, तो आपल्याच संघाचा, त्यालाही चुकवले, आणि वीस यार्डांवरून असा काही फटका मारला की गोलरक्षक जाळ्यातला चेंडू बघूनच हलला.

प्रसेनजीतने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि तो शब्द सोडला. इतक्या वर्षांचा 'ओ' त्याने पुरता वापरला. तो कोणालाही ऐकू आला नाही. कोल्हापुरात गोल झाल्यावर समालोचक ऐकू येत नाही, ही गोष्ट न्हाणीघरात कधी लक्षात येण्यासारखी नव्हती.

सामना एक-शून्यने संपला. प्रसेनजीत जिना उतरून खाली आला तेव्हा शेवटच्या पायरीशी चिमणाबाई उभ्या होत्या. त्याने मागे वळून पाहिले. दुसरा जिना नव्हता.

"पाच मॅची तुम्ही त्येला ठेवलासा, पाय हलला न्हाय त्येचा," त्या म्हणाल्या. "एकदा वगळलासा, तर बघा की."

तो एक पायरी वर सरकला.

"पुढच्या वर्षीबी वगळा. सुरवातीपास्नं. आन रातच्याला जेवाया या."

गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. सोमवारी कचेरीत चहा आला आणि चहाबरोबर अतुलचा चुलता आला. अतुलला कोणी नीट वगळले नाही म्हणून त्याचा खेळ खुलत नाही, असे त्याचे म्हणणे होते. घरमालकिणीने बल्ब परत लावला आणि भाच्याचा विषय काढला. पुढच्या मोसमात आण्णांना 'वगळलेले' या सदरासाठी वेगळी पुरवणी काढावी लागली. संघांची नावे जाहिरातींच्या खाली, जागा उरली तर. वगळलेल्यांत आपल्या तालमीला योग्य प्रतिनिधित्व नाही म्हणून दोन शिष्टमंडळे भेटून गेली. धनपाल मगदूमांनी वगळलेल्यांचे पॅनेल बांधायला घेतले आणि त्यातून कोणाला वगळायचे, यावर घोडे अडले ते अजून अडलेले आहे.

यावरून कोल्हापूरच्या लोकांना हसावे, असे ज्यांना वाटते त्यांनी जरूर हसावे. फक्त आधी घरातल्या येत्या कार्याची लग्नपत्रिका छापायला द्यावी. तिच्या तळाशी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' असे लिहून जी बारा पोरांची नावे घालतात, त्यांतले एक, कोणतेही, काढून टाकावे. आणि मग चहाचे आधण ठेवून दाराकडे बघत बसावे.