चाळीस वर्षं टिकायचंय

चौलकर सरांच्या कंप्युटर क्लासात पहिला महिनाभर कंप्युटरला हात लावायची मनाई होती.

मुरुडच्या बाजारात भाताच्या गिरणीच्या माडीवर हा क्लास. भिंतीला लागून कंप्युटर, गिरणीचा कोंडा बसू नये म्हणून उशीच्या अभ्र्यांत झाकलेले. त्यांच्यासमोर आम्ही. नुसते बसलेले. सर मागून फिरत आमच्या पाठी बघायचे.

"ललिते, वाकलीस! नोकरी दुसरी मिळेल गं, पाठ दुसरी नाय मिळत. चाळीस वर्षं टिकायचंय!"

हे त्यांचं पालुपद. बाकीचे क्लासवाले नोकरीची हमी द्यायचे. आमचे सर थेट निवृत्तीपर्यंतची तयारी करून घ्यायचे. एखादा जांभई देत आला की त्याला घरी झोपायला पाठवायचे. तासात मधूनमधून सगळ्यांना खिडकीशी उभं करायचे. "स्क्रीन सोडा, लांब बघा. पार समुद्रातल्या पद्मदुर्गाच्या पलीकडे." खाली बाजारातल्या लोकांना वाटायचं, ही पोरं रोज कुणाच्या होडीची वाट बघतात.

वीज गेली की सर खूश. "आता खरा तास!" असं म्हणून ते स्वतःच कंप्युटर व्हायचे. "मी मशीन. मला अक्कल नाय. सांगा, चहा कसा करू?" माझी मैत्रीण शबाना म्हणाली, "सर, पाणी ओता." सरांनी गंभीरपणे तांब्या उचलला आणि पाणी जमिनीवर ओतलं. कशात ओतायचं, ते तिनं कुठं सांगितलं होतं? फळ्यांच्या फटींतून पाणी खाली गेलं आणि गिरणीवाले अंतूशेठ ओरडले, "सर, तुमच्या कंप्युटरला गळती लागली काय?"

"चूक मशीनची नाय!" सर वरून म्हणाले. "सांगणाऱ्याची हाय!"

आम्ही पोट धरधरून हसलो. पण त्या दिवसापासून मी कुणालाही काही सांगायचं झालं की आधी मनात नीट लावून घेते.

मला पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखी शांतता पसरली. बाबा होडीवर जाणारे. आमच्या कोळीवाड्यातली कुठलीच मुलगी नोकरीसाठी एकटी इतक्या लांब गेली नव्हती. सर घरी आले. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, पोर हुशार हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन पुन्यात तिला वळखनारा कोन हाय?"

सर ओट्याच्या कडेला बसले आणि त्यांनी जाळ्याचं एक टोक ताणून धरलं. मग म्हणाले, "मी जातो तिच्याबरोबर. मी वळखतो तिला."

बाबांनी सुई खाली ठेवली. आई चहा टाकायला उठली, तेव्हा मला कळलं, आपण जाणार.

एसटीच्या प्रवासात सरांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सुरकुती पडू नये म्हणून ते सीटला टेकलेसुद्धा नाहीत. कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, "तुम्हीपण मुलाखतीला?" सर एवढे लाजले! "छे छे, मी पोचवायला आलोय." दिवसभर ते समोरच्या टपरीवर बसून होते. मी धावत बाहेर आले आणि म्हटलं, "सर, घेतलं मला!" तर त्यांचा पहिला प्रश्न, "खुर्ची कशी आहे तिथली?"

मी पुण्यात रुळले, लग्नही झालं. पुढे पोरं मोबाइलवरच सगळं शिकायला लागली आणि सरांचा क्लास बंद पडला. गिरणीही बंद पडली. सरांनी लग्न केलं नव्हतं. ते वाडीतल्या आपल्या घरात एकटे राहायला लागले.

मधे एकदा आमच्या कंपनीनं एका सकाळीच निम्म्या लोकांना घरी बसवलं. त्यात मी. मी शिकलेलं सगळं जुनं झालं होतं. नवऱ्याला सांगायच्या आधी मी सरांना फोन लावला आणि नुसती रडत राहिले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झोप लागते का?"

"नाही, सर."

"मग आधी झोप. उद्या नवीन काय आलंय ते उघड, आणि पहिल्या धड्यापासून बस. तुला बसता येतं, ललिते."

मी बसले. माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरांबरोबर बसले. उशिरा का होईना, दुसरी नोकरी मिळाली.

गेल्या थंडीत सर पुतण्याच्या लग्नासाठी पुण्यात आले होते. फोनवर चाचरत म्हणाले, "तुमचं ऑफिस आतून बघता येईल का? अडचण नसेल तर."

त्यांच्या गळ्यात पाहुण्यांच्या ओळखपत्राचा पट्टा अडकवून मी त्यांना सगळीकडे हिंडवलं. मला वाटलं, आता ते एकेकाच्या पाठीवर बोट ठेवणार. पण त्यांचं लक्ष पाठींवर नव्हतं. यंत्रांकडेही त्यांनी फारसं पाहिलं नाही. माणसांकडे बघत होते.

दुपारी आम्ही सगळे डबे घेऊन बसलो. कुणाचा लिंबूभात, कुणाची मेथीची भाजी, लोणच्यावरून नेहमीची भांडणं. न विचारता सरांचं ताट भरून गेलं.

"रोज असंच जेवता?"

"रोज, सर. नुसता गोंधळ असतो."

"नाय, नाय. चांगलं आहे."

बाकीचे हात धुऊन गेले. सर अजून जेवतच होते, अगदी सावकाश, लहान लहान घास घेत.

"क्लास होता तेव्हा अंतूशेठ डबा घेऊन वर यायचा," ते म्हणाले. "आता मी रेडिओ लावतो जेवताना. बातम्यांची बाई फार छान बोलते." मग ताटाकडे बघत हसले. "फक्त वाढू का, असं विचारत नाय."

माझ्या मीटिंगसाठी फोन वाजायला लागला. मी तो बंद केला आणि डबा पुढे ओढला.

"सर, भाजी वाढू?"

"थोडी वाढ," सर म्हणाले, आणि दोन्ही हातांनी ताट पुढे केलं.