बिनलेबलाची बाटली

चिकटपट्टीचा दोन इंचांचा तुकडा. त्यावर पेनाने दोन शब्द लिहायचे आणि तो बाटलीला लावायचा, एवढंच काम होतं. बायकोने तुकडा कापून तयार ठेवला होता, पेनाचं टोपणही काढलं होतं. तरी उस्तादांनी मान हलवली, आणि पुढचं सगळं रामायण त्या मान हलवण्यातून घडलं.

"राहू दे गं," उस्ताद म्हणाले. "बाटलीत काय आहे ते कळायला मला नाक आहे."

"तेच तर नाहीये," बायको म्हणाली. "नाक धड असतं तर हे मीठपाणी कशाला उकळत बसले असते मी?"

 मुद्दा बिनतोड होता, आणि तेवढ्यात उस्तादांना शिंक आली. उस्तादांची शिंक एकटी येत नसे. ती सहा बहिणींना घेऊन यायची. सातही जणी येऊन जाईपर्यंत बायकोने पेनाला टोपण लावलं, बाटली पिशवीत कोंबली आणि ती म्हणाली, "मग बसा नाक घेऊन."

उस्ताद म्हणजे फर्निचरच्या कारखान्यातले पॉलिशवाले. वीस वर्षं त्यांनी लाखेच्या पॉलिशचा बोळा फिरवला होता, आणि शेवटचा हात त्यांनीच मारायचा असा तिथला रिवाज होता. दुसरा रिवाज त्यांनी स्वतःच पाडला होता. त्यांच्या खोलीतल्या कुठल्याच बाटलीवर लेबल नसे. स्पिरिट, थिनर, टर्पेंटाइन, सगळं एकसारख्या बाटल्यांत. उस्ताद बूच उघडायचे, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि नुसत्या वासावरून सांगायचे. स्पिरिट नवं की जुनं, त्यात कुणी पाणी घातलंय का, तेसुद्धा. नवे कारागीर हे बघायला दारात गर्दी करत. (उस्ताद त्या वेळी श्वास जरा जास्तच लांब घेत.)

पण गेले आठ महिने त्या नाकाने राजीनामा दिला होता. पॉलिशची खोली आणि घासकामाची खोली यांच्यामध्ये एक कापडी पडदा होता. पडद्यापलीकडे पेपरमास्तर दिवसभर लाकडावर पॉलिशपेपर घासत, आणि लाकडाची पिठासारखी भुकटी पडद्याला न जुमानता अलीकडे येई. ती वीस वर्षं उस्तादांच्या नाकात जाऊन बसली होती. सकाळी उठल्यावर डोकं जड, भुवयांच्या मागे कुणी खिळे ठोकतंय असं वाटे, खाली वाकलं की गालफडं ठणकत. आणि वास? काही नाही. भाजी करपली तरी उस्ताद शांतपणे पेपर वाचत बसत. बाटल्यांचं काम ते फळीवरच्या क्रमावरून भागवत होते. बूच उघडून डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचे, आणि मनात मोजायचे: पहिली स्पिरिट, दुसरी थिनर, तिसरी टर्पेंटाइन. नाटक चोख चाललं होतं. हे एका बायकोलाच माहीत होतं, कारण भाजी तिची करपली होती.

गेल्या महिन्यात मात्र पंचाईत झाली. एका कपाटाच्या ओल्या दारावर सातही बहिणी एकदम उतरल्या. दाराला जणू देवी आल्या. मालक शांत माणूस होते, पण त्या दिवशी म्हणाले, "उस्ताद, तुमचा मान राखून सांगतो. आणखी एक काम बिघडलं तर तुम्ही पॅकिंगला बसा. तिथे शिंकलात तरी खोक्याला काही होत नाही."

पॅकिंग म्हणजे दिवसभर भुशात हात घालून खोकी भरायची. उस्तादांना रात्रभर झोप लागली नाही. ज्या हाताकडे बघायला लोक दारात उभे राहत, तो हात आता भुसा कोंबणार! दुसऱ्या दिवशी ते नाक मुठीत धरून नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. कामावर मास्क लावायचा. कामाचा कोट घरात आणायचा नाही, निदान झोपायच्या खोलीत तर नाहीच. आणि उकळून कोमट केलेल्या मीठपाण्याने दिवसातून दोनदा नाक धुवायचं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मीठपाणी," उस्ताद म्हणाले.

"बस? एवढंच?"

"मोठ्या डॉक्टर आहेत. कमी बोलतात."

मास्क लावला तर बाटली हुंगायचं नाटक बंद पडलं असतं. आणि कोटाचं तर बोलायलाच नको. वीस वर्षांत तो एकदाही पाण्यात गेला नव्हता. प्रत्येक मोठ्या कामाचा एक डाग त्यावर होता आणि उस्ताद त्या डागांना प्रशस्तिपत्रं म्हणत. रोज रात्री तो पलंगाच्या उशाशी खुंटीवर टांगला जाई. बायकोने तो धुवायचा विषय काढला की उस्ताद म्हणत, "कारागिराचा कोट धुतला की हात धुतला जातो." हे कुणी म्हटलंय ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तर लेबलाला मान हलवली त्या दिवशी ते मीठपाण्याची बाटली घेऊन कामावर गेले. बाटली कुठली? कारखान्यातलीच. स्पिरिटची रिकामी. बायकोने ती तीनदा उकळत्या पाण्याने धुतली होती, पण शेवटी रूप तेच.

आणि काम कुठलं? त्याच डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचं टेबल! मालकांनी पाच वाजता त्यांना बघायला बोलावलं होतं. टेबल आरशासारखं झालं होतं, फक्त स्पिरिटचा शेवटचा हात बाकी होता. उस्तादांनी टेबलाशेजारच्या स्टुलावर दोन्ही बाटल्या ठेवल्या. डावीकडे स्पिरिट, उजवीकडे मीठपाणी. मनात दोनदा घोकलं. मग कोरड्या फडक्याने अलीकडची बाजू पुसली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि स्टुलाकडे हात केला. डावीकडची बाटली उचलली.

(वाचकहो, टेबलाला वळसा घातला की डावीकडचं कुठे जातं, हे तुम्हाला कळलं. उस्तादांना नाही कळलं.)

बूच उघडलं. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. दारात उभ्या असलेल्या सुताराने आदराने विचारलं, "कसं आहे उस्ताद?"

"फर्स्ट क्लास," उस्ताद म्हणाले. "बाटली कालच फोडलेली दिसतेय."

बोळ्यावर दोन धारा ओतल्या आणि शेवटचा हात मारला. मग समाधानाने दुसरी बाटली उचलून ते मोरीपाशी गेले. दुपारची नाक धुवायची वेळ झाली होती. त्यांनी तळहातावर थोडं पाणी घेतलं, आणि तळहात बर्फासारखा गार पडला. पाणी बघता बघता उडूनही गेलं.

मीठपाणी उडत नाही. स्पिरिट उडतं.

उस्तादांच्या हातून बाटली सुटली, मोरीत आपटली आणि होतं नव्हतं तेवढं स्पिरिट नळीवाटे निघून गेलं. नाक थोडक्यात वाचलं होतं, पण आता नाकाची काळजी कुणाला होती! ते धावत खोलीत आले. टेबलावर पांढरं सावट आलं होतं. आरशावर कुणी वाफ सोडावी तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

यावर उपाय होता आणि तो उस्तादांना पाठ होता. बोळा स्पिरिटने जेमतेम ओला करायचा आणि हलक्या हाताने वरून फिरवत राहायचं. सावट उतरतं. पण स्पिरिट? ते कपाटातून नवं काढायला हवं. उस्तादांनी कपाट उघडलं. आत पाच बाटल्या होत्या. एकसारख्या, सीलबंद आणि, उस्तादांच्या कृपेने, बिनलेबलाच्या. फळीवर क्रम होता, पण कपाटात कसला क्रम? तळहाताची युक्तीही चालेना, कारण थिनरही तसंच गार लागतं. आणि थिनर त्या टेबलावर पडलं असतं तर टेबल लाकडाच्या रंगापासून पुन्हा सुरू करावं लागलं असतं.

पेपरमास्तरांना हाक मारली तर? मास्तर हुंगून सांगतील, आणि संध्याकाळपर्यंत कारखानाभर सांगतील. उस्तादांनी घरी फोन लावला. घर दोन गल्ल्यांवर होतं.

"अगं, जरा ये लगेच." आवाज खाली होता. "बाटली हुंगायची आहे."



"अहो, प्यालात की काय?"

"नाही गं! कसली बाटली आहे तेच कळत नाहीये."

"म्हणजे प्यालात, आणि काय प्यालात तेही कळत नाहीये?"

"प्यालो नाही! टेबलाला पाजलं!"

"येते," बायको म्हणाली. "तोवर कशाला हात लावू नका. कशालाच."

ती आली, टेबल पाहिलं, आणि सरळ कपाटाकडे गेली.  तिने पाचही बाटल्यांची बुचं उघडली आणि एकेक नाकाशी धरली. "ही नाही. ही तर नाहीच, शी. ही... नाही. ही! ही स्पिरिट."

"नक्की?"

"अहो, वीस वर्षं हा वास माझ्या उशाशी टांगलेला आहे. डावी बाही, कोपराच्या वर."

उस्तादांनी बोळा भिजवला. हलक्या हाताने तो टेबलावरून फिरवायला घेतला. सावट एकेक वीत मागे सरकू लागलं. अर्धं टेबल झालं. पाऊण झालं. शेवटची वीतभर जागा उरली, आणि उस्तादांच्या भुवयांमागे ओळखीची गुदगुली सुरू झाली. पडद्यापलीकडे पेपरमास्तरांनी नवी फळी घासायला घेतली होती.

"आली," उस्ताद कळवळून म्हणाले. "सातही आल्या."

बोळा थांबवता येत नव्हता, थांबला की जागच्या जागी चिकटला असता. बायकोने पुढे होऊन चिमटीत त्यांचं नाक धरलं, घट्ट. उस्ताद डावीकडे सरकले की ती डावीकडे, उजवीकडे सरकले की ती उजवीकडे. उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कान लाल झाले होते, आणि हात मात्र लोण्यावरून फिरावा तसा फिरत होता. आपली बायको किती कामाची आहे हे त्यांना त्या क्षणी जितकं जाणवलं तितकं लग्नातही जाणवलं नव्हतं.

नेमके त्याच वेळी मालक आणि डॉक्टरबाई दारात उभे राहिले.

"हे काय चाललंय?" मालकांनी विचारलं.

"शेवटचा हात," बायको म्हणाली. तिने चिमटी सोडली नाही.

उस्तादांनी बोळा उचलला, चार पावलं मागे गेले, आणि मगच बायकोने त्यांना सोडलं. सातही शिंका मोरीत पार पडल्या. इकडे डॉक्टरबाई टेबलावर वाकून स्वतःचा चेहरा बघत होत्या. "सुरेख," त्या म्हणाल्या. "अगदी सुरेख." मग मोरीतून रुमालाने नाक पुसत आलेल्या उस्तादांना त्यांनी ओळखलं. "अरे, तुम्ही! मास्क कुठे आहे तुमचा?"

"मास्क?" बायको म्हणाली.

"आणि कोट अंगावरच! हा घरी नेत नाही ना? झोपायच्या खोलीत बिलकूल चालणार नाही, सांगितलं होतं मी."

"कोट?" बायको म्हणाली. "मोठ्या डॉक्टर कमी बोलतात असं कळलं होतं मला."

उस्ताद टेबलाकडे बघत राहिले. टेबल इतकं चकचकीत झालं होतं की त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. शेवटी त्यांनी सगळं सांगून टाकलं. नाक आठ महिने बंद आहे, बाटल्या मोजून उचलतो, आज मीठपाणी पडलं. सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगून झाल्यावर डोकं हलकं वाटलं. मालकांच्या मागोमाग आलेला सुतार दारातून सगळं ऐकत होता.

"आठ महिने," मालक म्हणाले. "आणि परवा मला म्हणालात, या स्पिरिटला पावसाळी वास येतोय."

"तो अंदाज होता."

मालकांनी टेबलावरून नजर फिरवली, पुन्हा एकदा फिरवली. "हात राहिलाय तुमचा," ते म्हणाले. "पॅकिंगचं राहू दे. पण उद्यापासून मास्क. पडद्याच्या जागी दार बसवून घेऊ. आणि बाटल्यांना लेबलं. वहिनी, तेवढं तुम्ही करून जाल का?"

वहिनींनी पर्समधून चिकटपट्टी आणि पेन काढलं. दोन्ही त्या घरूनच घेऊन निघाल्या होत्या.

कोटाबद्दल मात्र उस्ताद अडून बसले. खोलीबाहेर न्या, घराबाहेर न्या, पण धुवायचा नाही. शेवटी तह झाला. कामावर नवा ॲप्रन, आणि कोट मागच्या अंगणातल्या दोरीवर. बायको हसून "बरं" म्हणाली. एवढ्या सहज ती "बरं" कधी म्हणत नसे, पण उस्तादांच्या ते लक्षात आलं नाही.

मास्क, मीठपाणी, आणि डॉक्टरबाईंनी नव्याने दिलेला नाकात मारायचा फवारा. तीन आठवडे गेले. एका सकाळी उस्ताद जागे झाले तर डोकं हलकं होतं. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. चहाचा! त्यांनी अंथरुणातच डोळे मिटून लांब श्वास घेतला, आणि या वेळी नाटक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही खरं. मग त्यांचं नाक एकदम आक्रसलं.

"अगं!" ते ओरडले. "काहीतरी मेलंय!"

"कुठे?" बायको चहा गाळता गाळता म्हणाली.

"मागच्या बाजूला. उंदीर असणार. मोठा आहे, आणि बरेच दिवस झालेत." आवाजात जुना रुबाब परत आला होता. "तू थांब. मी नाकाने काढतो शोधून."

उस्ताद निघाले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, हुंगायचं. दारातून बाहेर, पायरीवरून खाली, अंगणाच्या कोपऱ्यात. वास वाढत गेला तसे ते नाक दाबून पुढे झाले, आणि कपाळाला कापड लागलं म्हणून त्यांनी मान वर केली.

दोरीवर कोट होता. त्याच्या कॉलरला चिकटपट्टीचा दोन इंचांचा तुकडा लावला होता. उन्हाने तो पिवळा पडला होता, म्हणजे लावून तीन आठवडे तरी झाले असावेत. त्यावर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं:

'उंदीर नाही. धुवायला टाका.'