टेस्टिंगची तोड

डेव्हऑप्स इंजिनिअर म्हणजे नेमकं काय, हे कळस गावच्या स्वरूपानं आईला तीनदा समजावलं होतं. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. ते प्रोग्रॅम बंद पडू न देणं हे तिचं काम. शेवटी आईनं, मुक्ताबाईंनी, स्वतःच निकाल लावला, "म्हंजे वायरमन!" फिजिक्समध्ये पहिल्या वर्गात आलेल्या स्वरूपाला हे लागलं, पण व्याख्या बरोबर असल्यामुळं वाद घालता येईना.

बारामतीतली तिची कंपनी एका कारखान्याच्या सभासदांना ऊसतोडीचे मेसेज पाठवायची. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठांनी, रविराज सरांनी, तिला सरावाच्या सर्व्हरवरून एक मेसेज पाठवायला सांगितला. नमुन्याला कुणाचं तरी नाव हवं होतं. तिनं वडिलांचं, म्हणजे आबांचं, घातलं. 'श्री. जोतीराम, कळस. आपल्या उसाला उद्या तोड.' पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाची, एक खरी. दिसायला जुळ्या बहिणी. तिनं एंटर दाबलं आणि खाली आकडा उमटला : पाठवले, ४२१२.

पाच मिनिटांत आबांचा फोन.

"स्वरूपा, दारात पंचवीस माणसं हायेत. शेजारचा बिरदेव म्हणतोय, त्याच्या उसाची लागण आमच्या आदुगरची. पोरगी कामाला लागली न् तिसऱ्याच दिशी वशिला?"

"आबा, ती टेस्टिंग होती!"

"टेस्टिंग म्हंजे?"

"खोटा मेसेज. तपासायला पाठवतात."

"मग तसं कळीव की समद्यास्नी!"

तिनं घाईघाईनं कळवलं. 'आधीचा मेसेज चुकीचा. श्री. जोतीराम यांना तोड नाही.' तोही ४२१२ जणांना गेला. सकाळी वशिल्याचे ठरलेले आबा दुपारी कारखान्यानं वाळीत टाकलेले ठरले. वालचंदनगरची आत्या फोनवर रडलीच. "दादा, कुनाशी भांडलास रं?"

रात्री स्वरूपा मान खाली घालून जेवली. सरांनी नोकरी ठेवली; फक्त खऱ्या खिडकीला लाल रंग दिला.

आठवड्यानं बिरदेवचा ऊस तुटून गेला आणि क्रमानं आबांची पाळी आली. स्वरूपानं नाव, गट नंबर, तारीख तीनदा तपासली, रंग पाहिला आणि बटण दाबलं. पाठवले : १.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एसटीतून उतरली, तर ऊस जागच्या जागी डुलत होता.

"आबा, तोडणीची टोळी आली नाही?"

"आलती की. दोन ट्रॅक्टर, धा-बारा कोयतं."

"मग?"

आबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुकादमाला बाजूला घेऊन सांगितलं, आमच्या पोरीची टेस्टिंग हाय, जावा माघारी. कुनाला काय कळलं न्हाय. ह्या बारीला तुझं नाव खराब हू दिलं न्हाय बग."