तीन दिवस उन्हात ठेवावे

गालगुंडाच्या साथीतून मसुदेकाकांना चौदा दिवस मिळायचे होते, आणि खर्च काहीच नव्हता. गाल पाचवी 'ब'मधल्या एका मुलीचा सुजला होता, दुखतही तिलाच होता. इतका बिनखर्चाचा योग काकांच्या एकतीस वर्षांच्या कारकुनीत याआधी एकदाच आला होता. त्या योगाची नोंद पुढे येईलच, कारण कागदावर आलेली गोष्ट कधी ना कधी पुढे येतेच.

चौदा दिवसांची निकड मात्र खरी होती. काकांची एकुलती एक लेक चार तासांच्या अंतरावरच्या गावी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. "बाबा, आई तर येणारच आहे," ती फोनवर म्हणाली होती, "पण बाळाला पहिल्यांदा तुम्हीच घ्यायचं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय." काकांनी "येतो गं" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वतःचा रजेचा तक्ता काढला. शिल्लक अर्धा दिवस. अर्ध्या दिवसात तिथे पोहोचता आलं असतं, पण बाळाला हातात घेण्यापूर्वीच परतीला निघावं लागलं असतं.

अशा वेळी तो गाल सुजला.

"काका, नियमावली हवी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. "विलगीकरणाची. मधल्या सुट्टीच्या आत."

"साथीची फाइल नाही बाई आपल्याकडे."

"मग जवळची बघा एखादी."

जवळची बघणं हेच काकांचं कसब होतं आणि मसुदेकाका हे नावही त्यावरूनच पडलेलं. एकतीस वर्षांत त्यांनी एकही आदेश नव्याने लिहिला नव्हता. जुना आदेश काढायचा, त्यातलं नाम बदलायचं, तारीख बदलायची. पाण्याच्या टाकीच्या सफाईचा आदेश त्यांनी एका वर्षी वार्षिक परीक्षेसाठी वापरला होता. "परीक्षा तळापर्यंत रिकामी करावी, घासून घ्यावी व झाकण लावून ठेवावे," असं त्यात म्हटलं होतं. परीक्षा सुरळीत पार पडली होती.

काकांनी कपाट उघडलं. एकाकडून दुसऱ्याला लागणारी गोष्ट म्हणून त्यांच्या हाताला 'ग्रंथालयातील वाळवीग्रस्त पुस्तकांबाबत' ही फाइल लागली. 'वाळवी' काढून 'गालगुंड' घातलं, 'पुस्तक' काढून 'विद्यार्थी' घातला. मधल्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती.

नियम एकप्रमाणे बाधित विद्यार्थी निरोगी विद्यार्थ्यांपासून वेगळा काढावयाचा होता. नियम दोनप्रमाणे त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन विद्यार्थी संशयित समजावयाचे होते. इथवर एखाद्या डॉक्टरलाही बोट ठेवायला जागा नव्हती. पुढे लिहिलं होतं, "संशयित विद्यार्थी तीन दिवस उन्हात ठेवावे, दर तासाला उलटावे, व आत घेण्यापूर्वी झटकावे." नियम सहाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्यात दोन डांबरगोळ्या ठेवावयाच्या होत्या. सातव्यात, दुरुस्तीपलीकडे गेलेले विद्यार्थी निर्लेखित करून रद्दीत द्यावेत, असं होतं.

आठवा नियम वाळवीच्या फाइलीत नव्हता. तो काकांनी स्वतः रचला. एकतीस वर्षांतलं ते त्यांचं पहिलं स्वतंत्र लेखन. "बाधित विद्यार्थ्याच्या निकट संपर्कात आलेल्या कर्मचाऱ्यास चौदा दिवसांची भरपगारी विशेष रजा देय राहील." लिहून झाल्यावर त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. चांगलं लिहिणारे वाचतात म्हणतात.

मोठ्या बाईंनी आपलं नाव आणि हुद्दा बरोबर लिहिलाय ना ते पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवी 'ब'ची चार मुलं मैदानात बसली होती आणि त्यांच्यासमोर खेळाचे शिक्षक कागद घेऊन उभे होते. त्यांना मुलं शिट्टीसर म्हणत.

"काका, उलटावे म्हणजे नेमकं काय? पालथं घालू की डोकं खाली करू?"

नियमात चूक आहे असं म्हटलं तर नियमावली परत जाईल आणि तिच्याबरोबर आठवा नियमही जाईल, हे काकांच्या तत्काळ लक्षात आलं. "शीर्षासनाची सक्ती नाही सर," ते म्हणाले. "पूर्वेकडे तोंड असेल तर पश्चिमेकडे करायचं. खुलासा दुपारपर्यंत काढतो."

"आणि झटकायचं कसं?"

"दोन्ही खांदे धरून. तीनदा. आपुलकीने."

"डांबरगोळ्या विद्यार्थ्यात ठेवायच्या म्हणतोय कागद."

"खिशात, सर, खिशात! विद्यार्थ्यात म्हणजे व्यापक अर्थाने."

पालकही आले. एका आईने फक्त मुलाला टोपी चालेल का विचारलं. एका वडिलांनी सातवा नियम दोनदा वाचला, आपल्या चिरंजिवांकडे एकदा पाहिलं आणि रद्दीवाला कुठल्या वारी येतो याची चौकशी केली. गणिताच्या सरांनी तर नियम सातखाली अकरा नावांची यादी तातडीने सादर केली. त्यातल्या एकालाही गालगुंड नव्हतं. मुलं मात्र खूश होती. वर्गात तास नव्हते, फक्त शिट्टी वाजली की वळायचं. पुढच्या दोन दिवसांत बहुतेक सगळ्यांनाच कुणा ना कुणाच्या बाजूला बसल्याचं आठवलं आणि तीनशे मुलं मैदानात आली.

पण शिक्षकांच्या खोलीत चर्चा होती ती फक्त आठव्या नियमाची. बाकीचे सात कुणी वाचलेच नव्हते.

सुजलेल्या गालाची मुलगी ग्रंथपालांच्या खोलीत एकटी बसवली होती. सकाळी दहाला विज्ञानाच्या बाई तिचा घसा तपासून आल्या, अगदी जवळून. चित्रकलेच्या सरांनी तिचं चित्र काढायला घेतलं आणि खुर्ची ओढत ओढत तिच्या गालाशीच येऊन बसले. सव्वा दहाला दाराबाहेर रांग लागली होती. ज्या मुलीला वर्षभर कुणी पहिल्या बाकावर येऊ दिलं नव्हतं, तिची विचारपूस करायला सगळा शिक्षकवर्ग लोटला होता. मुलगी भोळी नव्हती.

"बाई, माझ्या डब्यातलं खायचंय तुम्हाला?" तिने भाषेच्या बाईंना विचारलं. "मग माझ्या गृहपाठाचं काय?"

"या महिन्याचा माफ."

"विज्ञानाच्या बाईंनी वर्षाचा केला."

"बरं बाई, वर्षाचा! आण तो चमचा इकडे. धुऊ नकोस!"

दुपारपर्यंत तिचा आठवीपर्यंतचा गृहपाठ माफ झाला होता.

काका रांगेत नव्हते. रांगेतून बाहेर पडणारा प्रत्येक जण संपर्काचा अर्ज घेऊन थेट त्यांच्याकडे येत होता. अर्ज आवक नोंदवहीत चढवल्याशिवाय हातातला पेन खाली ठेवणं काकांना या जन्मात जमणार नव्हतं. अकरा शिक्षकांचे अकरा अर्ज चढले. मग ते धावत ग्रंथपालांच्या खोलीत गेले, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्याशी पाच मिनिटं सापशिडी खेळले, हरले, आणि परत येऊन बारावा अर्ज स्वतःचा लिहिला.

मोठ्या बाईंनी अकरा अर्ज मंजूर केले. बाराव्याला त्यांनी काकांचं सेवापुस्तक मागवलं.

"काका, हे काय? एकोणीस वर्षांपूर्वी तुम्हाला गालगुंड झालं होतं. एकवीस दिवस रजा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलंय. खाली तुमच्याच अक्षरात लिहिलंय, 'सदर आजार एकदा झाल्यावर पुन्हा होत नाही.'"

तो पहिला बिनखर्चाचा योग हाच. एकोणीस वर्षांपूर्वी मेहुण्याचं लग्न होतं आणि काकांचे दोन्ही गाल तेव्हा ठणठणीत होते. त्या गालांनी मिठाईशिवाय दुसरं काही फुगवटा आणणारं सोसलं नव्हतं.

"बाई, ते जरा..."

"खोटं होतं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. खोटं असेल तर चौकशी, एकवीस दिवसांची वसुली आणि वर शेरा.

"छे! खरंच होतं. फार दुखलं होतं, बाई."

"मग तुम्हाला संपर्क होऊच शकत नाही. अर्ज फेटाळला." बाईंनी सही केली आणि ड्रॉवरमधून तेरावा अर्ज काढला. तो त्यांचा स्वतःचा होता. "मी प्रमुख आहे, म्हणजे सगळ्यांच्याच संपर्कात आले. चौदा दिवस शाळा तुमच्याकडे. वेळेवर उलटत जा मुलांना."

घरी काकू बॅग भरत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, ते गालगुंड माझ्याच भावाच्या वरातीत पहाटेपर्यंत नाचत होतं. तेव्हाच म्हटलं होतं, पाय मुरगळला म्हणून लिहा. पाय कितीदाही मुरगळतो." आणि त्या एकट्याच लेकीकडे गेल्या.

पुढचे चौदा दिवस मसुदेकाका हीच शाळा होती. घंटा तेच द्यायचे, शिट्टी तेच वाजवायचे, तीनशे मुलांचे खांदे तेच झटकायचे. तीन दिवस भरले की मुलांना नवा बाधित शेजारी आठवायचा. आठव्या दिवशी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी जाण्यापूर्वी पाठवलेली नियमावली 'आदर्श' ठरली होती आणि 'योग्य त्या फेरफारासह' सर्व संस्थांकडे रवाना झाली होती. काकांनी ते पत्र चौकटीत लावलं. आपल्या लेखनाचं कौतुक होण्याची त्यांची पहिलीच वेळ होती. अकराव्या दिवशी लेकीला मुलगी झाली. काकांनी फोनवर तिचं रडणं ऐकलं, डोळे पुसले आणि शिट्टी वाजवून मुलांना पश्चिमेकडे वळवलं.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, सगळे शिक्षक तुकतुकीत होऊन परतले. काकांनी आपला अर्धा दिवस टाकला आणि दुपारची गाडी पकडली. अर्धा शनिवार आणि एक रविवार. सोमवारी सकाळी हजेरी.

प्रसूतिगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"कुठून आलात आजोबा?"

आजोबा म्हणून हाक ऐकून काका विरघळले आणि त्यांनी उत्साहाने शाळेचं नाव सांगितलं.

"साथ होती ती शाळा? मग नियम वाचा." पहारेकऱ्याने भिंतीकडे बोट केलं.

काकांनी वाचलं. "बाधित ठिकाणाहून आलेले आजोबा निरोगी आजोबांपासून वेगळे काढावे. तीन दिवस उन्हात ठेवावे, दर तासाला उलटावे, व आत घेण्यापूर्वी झटकावे. प्रत्येक आजोबात दोन डांबरगोळ्या ठेवाव्या." विरामचिन्हंसुद्धा त्यांचीच होती.

"अहो, हे पुस्तकांसाठी होतं!" काका ओरडले. "वाळवीसाठी! हे मीच लिहिलंय!"

"मग तर तुम्हाला माहीतच असेल," पहारेकरी अदबीने म्हणाला आणि त्यांना अंगणातल्या बाकावर बसवलं. डांबरगोळ्याही दिल्या. शेजारी आणखी दोन आजोबा वाळत होते.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत लेक आली. तिच्या हातात दुपट्यातली एवढीशी गुंडाळी होती.

"बाबा! वर या ना!"

"येतो गं! अजून तीन दिवस!"

"नाक तुमच्यासारखं आहे हो!" मागून काकू ओरडल्या. "दिसतंय का?"

काका डोळ्यांवर हात धरून बघायला लागले. तेवढ्यात तास भरला. "आजोबा, वळा," पहारेकरी म्हणाला, आणि काका भिंतीकडे तोंड करून बसले. पुढचा तास त्यांनी नातीचं नाक आठवून काढला. रविवारी दुपारी परतायची वेळ झाली तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना दोन्ही खांदे धरून तीनदा झटकलं. ते आत घेण्यापूर्वीचं होतं, पण बाहेर काढताना करू नये असं कुठे लिहिलं नव्हतं.

आता हिशेब. आजारी पडलेली मुलं तीन, आठवड्यात बरी झाली. बारा जणांना मिळून एकशे अडुसष्ट दिवसांची रजा मिळाली. पाचवी 'ब'च्या मुलीला आठवीपर्यंतचा गृहपाठ माफ. मसुदेकाकांच्या हाती दोन डांबरगोळ्या आल्या, आणि नात पहिल्यांदा प्रसूतिगृहाच्या आयाने घेतली. उन्हात वाळलेले आजोबा किती, ते कुणी मोजले नाहीत. आणि ज्या नियमावलीत आजोबांच्या जागी 'नागरिक' शब्द घातला आहे, ती एव्हाना तुमच्याही जिन्यात लागली असेल. हसून झालं असेल तर जरा वाचून घ्या. तुमचा तास भरत आला आहे, वळायचं आहे.