नोल्बेर्तोचे तेवीस दिवे

मंगळवारी संध्याकाळी सात चाळीसला नगरपालिकेच्या निरीक्षकाने एल्की खोऱ्यातल्या वळणावर एका मेलेल्या माणसाला नोटीस बजावली.

वळणावर नोल्बेर्तो ताबिलोची अनिमिता आहे. अपघातात त्याचा जीव गेला त्या जागी बांधलेली, गुडघाभर उंचीची घुमटी. तिच्यावर त्याच्या बायकोने, एदेल्मिराने, सौर दिवा लावला होता. पांढराशुभ्र, आणि तोंड आकाशाकडे. डोंगरावर ताऱ्यांची वेधशाळा असल्यामुळे खोऱ्यात दोन्हींना मनाई आहे.

"काकू, दिवा कोणाचा?" निरीक्षक पास्तेनने विचारलं.

"नोल्बेर्तोचा."

"अहो, तो वारला. मालक कोण ते सांगा."

"त्याला दिलाय मी. दिलेली वस्तू माझी कशी रे? मेलेल्याचं काढून घेऊ?"

पास्तेन याच खोऱ्यात वाढलेला. अनिमितेवर ठेवलेलं त्या जिवाचं होतं, हे त्यालाही मान्य होतं. त्याने मालकाच्या रकान्यात नोल्बेर्तोचं नाव लिहिलं. पंधरा दिवसांत हजर राहून खुलासा करावा, अन्यथा दिवा उतरवला जाईल.

"उतरवू नकोस रे," एदेल्मिरा म्हणाली. "तीन तास अंधारात पडून होता तो. शेजारून गाड्या जात होत्या. एकालाही दिसला नाही."

"मग झाका तरी. उजेड खाली पडू दे."

तिने पीचचा रिकामा डबा कापून दिव्यावर बसवला. आता सगळा उजेड घुमटीवर डकवलेल्या नोटिशीवर पडू लागला. ट्रकवाले थांबून वाचू लागले. गोल शिक्का, सही, 'श्री. नोल्बेर्तो ताबिलो यांस'.

"चार वर्षं अर्ज करतोय मी, साधी पोच नाही," एक ट्रकवाला म्हणाला. "आणि ह्याला बघ! मेल्यावर नगरपालिका पत्र लिहिते. वजन आहे गड्याचं!"

त्याने एक दिवा ठेवला आणि नळजोडणी मागितली. आठव्या दिवशी जोडणी मिळाली. ती मार्चमध्येच मंजूर झाली होती, पण हे त्याला कोणी कळवलं नव्हतं. मग पेन्शनवाले आले, घराचे कागद अडकलेले आले. चौदाव्या दिवशी तेवीस दिवे होते. सगळे पांढरे, एदेल्मिराचा सोडून सगळे आकाशाकडे, आणि सगळे नोल्बेर्तोचे.

"काकू, काय हे!"

"मला काय विचारतोस? मालकाला विचार." मग ती हळूच म्हणाली, "ह्या झगमगाटात माझा दिवा कुठला, तेच दिसत नाही बघ."

सुनावणीला शिपायाने नोल्बेर्तोचं नाव तीनदा पुकारलं. बाकावरच्या तिघांनी उठून छातीवर क्रूस काढला. 'गैरहजर' अशी नोंद झाली. सगळे दिवे उतरवण्याचा आदेश तयार झाला. त्यावर पास्तेनची सही तेवढी हवी होती.

सोमवारी वळणावर चोविसावा दिवा दिसला. पिवळसर, वरून झाकलेला, तोंड जमिनीकडे, नियमात तंतोतंत बसणारा. खाली पाटी: 'नोल्बेर्तो, बदलीचं बघ.'

पास्तेन रजेवर आहे. आदेश त्याच्या टेबलावर आहे.